गटाराच्या हिशेबात हरवलेले अर्धे पाणी

मे महिना संपत आला की मुंबईच्या सखल भागातल्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. फ्रिजच्या पायांखाली विटा जातात. गव्हातांदळाचे डबे पलंगावर चढतात. रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले जातात. उंबऱ्याशी अर्धा-पाऊण फूट उंचीची सिमेंटची आडवी भिंत घातलेली असते, तिला कुठे चीर गेली आहे का, हे घरातला कर्ता माणूस वाकून पाहतो. हिंदमाता, शीव, कुर्ला, अंधेरीचा सबवे, सांताक्रूझचा मिलन सबवे ही नावे पुन्हा वर्तमानपत्रांत दिसू लागतात आणि 'यंदा नालेसफाई झाली का?' हा प्रश्न नाक्यानाक्यावर विचारला जातो.

प्रश्न बरोबरच आहे. नाल्यात गाळ, गाद्या आणि थर्माकोल भरले असतील तर पाणी जाणार कुठून? पण या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न आहे, तो सहसा कुणी विचारत नाही. नाला अगदी लख्ख साफ असला, तरी तो मुळात केवढ्या पावसासाठी बांधला आहे? आणि ते कुणी, कशावरून ठरवले?

हे समजून घ्यायला इंजिनीअर असावे लागत नाही. किराणा मालाचा हिशेब ज्यांना येतो, त्यांना हाही हिशेब येईल.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमते. आता एखाद्या सोसायटीचा भूखंड एक हजार चौरस मीटरचा आहे असे धरू. मुंबईत अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. तिथे तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५ हजार लिटर पाणी झाले. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर, आणि तेही एका तासात. गंमत म्हणजे हीच सोसायटी एप्रिल-मेमध्ये एकेका टँकरसाठी फोन करून थकलेली असते!

हे अडीच टँकर पाणी सगळेच्या सगळे रस्त्यावरच्या गटारात जाते का? तर नाही. काही मातीत मुरते, काही झाडांच्या पानांवर अडते, काही खड्ड्याखळग्यांत थांबते. म्हणून गटाराची रुंदी-खोली ठरवताना तीन गोष्टींचा गुणाकार करतात. जागा किती, पाऊस ताशी किती, आणि पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा वाहून जाणार. टी. जे. मुलवानी या आयरिश इंजिनीअरने १८५१ मध्ये हे सूत्र मांडले. पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी जगभरच्या शहरांत गटारांचा प्राथमिक हिशेब याच सूत्राने होतो.

पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. जागा नकाशावर असते, पाऊस पर्जन्यमापकात दिसतो. गोम आहे ती तिसरीत. परातीतल्या कोरड्या पिठावर वाटीभर पाणी ओतले तर ते जिरून जाते. तीच परात उपडी घालून वर वाटीभर पाणी ओतले तर ते सगळे ओट्यावर पसरते. जमिनीचेही तसेच आहे. बाग असेल तर पाण्याचा थोडाच हिस्सा वाहतो, डांबर आणि कोबा असेल तर जवळजवळ सगळे पाणी वाहते. शहर यांपैकी कुठल्या प्रकारचे आहे, याचा इंजिनीअरला अंदाज करावा लागतो. आणि अंदाज केला त्या दिवशी तो बरोबर असला, तरी शहर तिथेच थांबत नाही.

मुंबईची पावसाच्या पाण्याची जुनी गटारे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. ती आखताना धरलेला हिशेब असा होता: ताशी २५ मिलिमीटर पाऊस, त्यातले अर्धे पाणी जमिनीत मुरेल, आणि समुद्राला ओहोटी असेल.

आज हे वाचून हसू येईल. पण त्या काळच्या मुंबईसाठी तो हिशेब अगदीच वेडगळ नव्हता. गिरगावात तेव्हा खरोखरीच्या वाड्या होत्या. फणसवाडी, केळेवाडी ही नावे कुणी हौसेने ठेवलेली नाहीत. धोबी तलावाला तलाव होता, गोवालिया टँकला टाकी होती. माहीमच्या पलीकडे भातखाचरे, मिठागरे आणि खारफुटीची जंगले होती. अर्धे पाणी मुरेल हा विश्वास या मातीवर आणि या तळ्यांवर टाकलेला होता. तळी बुजली, वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींचे टॉवर झाले, टॉवरच्या अंगणात मोटारींसाठी काँक्रीट ओतले गेले. पण गटाराच्या हिशेबातले ते 'अर्धे' तसेच राहिले. माणूस घर सोडून गेला तरी रेशनकार्डावर त्याचे नाव राहते, तसे.

ओहोटीची अटही अशीच. मुंबई बेटांची भर घालून झालेली आहे, हे शाळेतल्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. महालक्ष्मीजवळची समुद्राची मोठी खिंड अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड बांधून बंद केली, तेव्हा कुठे आतली सखल जमीन भरतीपासून सुटली. सुटली, पण उंच झाली नाही. शहरातले पावसाचे पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडणारी १८६ मोठी तोंडे मोजली गेली आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या वेळीही मोकळी राहतात अशी उरली फक्त सहा! म्हणजे पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की गटाराचे तोंड समुद्रच बुजवून टाकतो. दार बंद नसेल तर खारे पाणी उलटे आत शिरते. बादलीचे पाणी मोरीत ओतावे आणि मोरीतूनच पाणी वर यावे, तसला हा प्रकार.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असे मात्र नाही. १९८५ च्या पावसाळ्यात मुंबई बुडाली, त्यानंतर महापालिकेने ब्रिटिश सल्लागारांकडून संपूर्ण व्यवस्थेची पाहणी करून घेतली. १९९३ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल आला. 'ब्रिमस्टोवॅड' या विचित्र नावाने तो ओळखला जातो. त्यात सांगितलेली मुख्य गोष्ट एका वाक्याची होती. ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर पाऊस धरा, आणि मुरण्याचा भरवसा सोडा. पडेल ते सगळे पाणी वाहणार असे समजा.

ऐकायला ही दुप्पट वाटते. प्रत्यक्षात ती चौपट आहे. २५ मिलिमीटरचे निम्मे म्हणजे साडेबारा मिलिमीटर पाणी जुनी गटारे तासाला वाहून नेणार होती. आता पूर्ण ५० मिलिमीटर न्यायचे. त्यासाठी नाले रुंद करायचे, जमिनीखालच्या विटांच्या जुन्या वाहिन्या मोठ्या करायच्या, समुद्राच्या तोंडाशी दारे आणि पंप बसवायचे. खर्चाचा अंदाज तेव्हा सहाशे कोटींच्या घरात होता. एवढा पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाशी बहुतेक काम अडले. नाल्यांच्या काठावर वस्ती वाढतच होती. बारा वर्षे गेली.

मग २६ जुलै २००५ उजाडला. दुपारपर्यंत तो इतर कुठल्याही पावसाळी मंगळवारसारखाच होता. त्यानंतर चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यातला एक तास असा होता की त्या एकाच तासात १९० मिलिमीटर पडला. साडेबारा मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या गटारांपुढे पंधरा पट पाणी! त्यात चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस झाला ७३ मिलिमीटर. हा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसाला खिडकीतून नेहमीचा पाऊस दिसत होता. त्याने नेहमीच्या वेळी छत्री उचलली आणि लोकल पकडली. पंचवीस किलोमीटरवरच्या आपल्या घराचे काय झाले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला सोडा, ते वेळेवर सांगू शकेल असे कुणीच नव्हते. हवामान खात्याच्या पर्जन्यमापनाची मुंबईतली मुख्य ठिकाणे दोनच, कुलाबा आणि सांताक्रूझ. मधल्या आणि पलीकडच्या सगळ्या शहरात आता या घटकेला किती पडतो आहे, हे सांगणारे साधन नव्हते. शाळेच्या बसमध्ये मुले रात्रभर अडकली. मोटारीच्या काचा बंद करून पाणी उतरायची वाट पाहत बसलेली माणसे आतच गुदमरून गेली. मुंबईत चारशेहून अधिक जीव गेले, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने आणखी बळी घेतले.

त्या दिवसाने मिठी नदीची ओळख मुंबईला नव्याने करून दिली. तोपर्यंत पुष्कळांना तो नालाच वाटत असे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून जेमतेम अठरा किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला जावे लागते, तिथे तिला काटकोनात वळवलेली आहे. खाली वांद्र्याला तिच्या मुखाशी जी खारफुटीची दलदल भरतीचे आणि पुराचे पाणी पोटात घेत असे, तिच्यावर भराव घालून शहराचे नवे व्यापारी केंद्र उभे राहिले. दोन्ही काठांवर झोपड्या आणि कारखाने. नदीला पसरायला जागाच ठेवली नव्हती, तेव्हा ती घराघरांत पसरली.

पुराच्या कारणांचा शोध घ्यायला राज्य सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जलव्यवस्थापनातल्या कामासाठी १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले हे नाव मराठी वाचकांना नवे नाही. २००६ मध्ये समितीचा अहवाल आला. बारा वर्षे रखडलेल्या ब्रिमस्टोवॅडच्या कामांनाही गती आली. केंद्राने त्यासाठी बाराशे कोटी रुपये मंजूर केले. दिरंगाईने खर्चाचा आकडाही दुप्पट केला होता.

त्यानंतर जे झाले त्यातली पंपांची कामे डोळ्यांना दिसतात. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा पंपिंग केंद्रे टप्प्याटप्प्याने उभी राहिली. भरती आली की समुद्राकडची दारे बंद करायची आणि आतले पाणी उपसून बाहेर टाकायचे. यातला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी ओढतो. ज्या भागांना या केंद्रांचा फायदा मिळाला, तिथे पूर्वी दिवसदिवस साचून राहणारे पाणी काही तासांत उतरू लागले. हे मान्य केलेच पाहिजे. तळमजल्यावर राहणाऱ्याला दिवस आणि तास यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको.

पण त्याहून महत्त्वाचे काम झाले ते फारसे कुणाला दिसत नाही. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक कपिल गुप्ता आणि त्यांचे सहकारी शहरी पुराचा अभ्यास करीत होते. त्यांनी एक साधी गोष्ट पुढे आणली. शहरातला पूर हा तासाभराचा, कधी कधी त्याहूनही कमी वेळाचा खेळ असतो. टेकडीवर पडलेले पाणी काँक्रीटवरून घसरत खालच्या चौकात पोहोचायला पाऊण तासही लागत नाही. तेव्हा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी चोवीस तासांची बेरीज इथे काय कामाची? दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस सावकाश पडला तर शहराला कळतही नाही. तोच दीड तासात पडला तर लोकल बंद पडते. म्हणून २००६ पासून महापालिकेच्या अग्निशमन केंद्रांच्या आणि अन्य इमारतींच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले. ते दर पंधरा मिनिटांनी आपत्कालीन कक्षाला आकडा कळवतात. आता त्यांची संख्या बरीच वाढली आहे.

या गच्चीवरच्या यंत्रांनी एक जुना समज मोडला. 'मुंबईत किती पाऊस झाला?' या प्रश्नाला एक उत्तर नसतेच. एकाच तासात मुलुंडला धो धो आणि वरळीला रिमझिम असू शकते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासाठी देशभराची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दर चार चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक असावा असे म्हटले आहे. त्याच तत्त्वांत गटारांचा हिशेब करताना पाण्याचा ९५ टक्क्यांपर्यंत हिस्सा वाहून जाणार असे धरायला सांगितले. 'अर्धे मुरेल'ला अशी कागदावर तरी रजा मिळाली. पुढे जून २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून 'आयफ्लोज' ही पूर्वसूचना देणारी यंत्रणा सुरू केली. पाऊस, भरती, नदीची पातळी आणि जमिनीचा उतार असे सगळे एकत्र मांडून कुठल्या विभागात किती पाणी चढेल, याचा अंदाज ती आधी बांधते.

आता कुणी म्हणेल, ५० चे १९० का करत नाही? गटारेच एवढी मोठी बांधा की २६ जुलै पुन्हा आला तरी बोट दाखवता येऊ नये. हे करता येत नाही. १९० मिलिमीटरची गटारे बांधायची तर रस्त्यांखाली दुसरे काही ठेवायला जागा उरणार नाही. असल्या क्वचित येणाऱ्या पावसासाठी जगातली शहरे एकट्या गटारांवर विसंबत नाहीत. गटार नेहमीच्या पावसासाठी असते. त्याच्या वरच्या पाण्याला शहरात कुठेतरी थांबायला जागा द्यावी लागते, आणि माणसांना वेळेवर बाजूला करावे लागते.

हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या चौकात उशिरा का होईना, हेच केले गेले. तिथले नाले मोठे करूनही पाणी साचायचे थांबेना, तेव्हा जवळच्या मैदानांच्या पोटात मोठ्या टाक्या बांधल्या. जोराचा पाऊस आणि भरती असताना पाणी त्यांत नेऊन ठेवायचे, ओहोटी लागली की सोडून द्यायचे. वर पुन्हा मैदान. बुजवलेल्या तळ्याचे काम जमिनीखालच्या टाकीने करायचे, कोट्यवधी रुपये मोजून!

आणि पाऊसही पूर्वीच्या ठिकाणी थांबलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. एकूण पाऊस वाढला नाही, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. एकट्या मुंबईविषयी परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी २०११ मध्ये केलेला हिशेब तर सरळ घरखर्चाच्या भाषेत वाचता येतो. हवामान अंदाजापैकी सर्वांत वाईट बाजूने बदलले, तर २००५ सारख्या पुराची शक्यता २०८० च्या दशकापर्यंत दुपटीहून अधिक होऊ शकते. पण गटारव्यवस्था सुधारली तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे नुकसान ७० टक्क्यांपर्यंत कमी करता येईल. रखडलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत या टक्क्यांत दडलेली आहे.

ती किंमत सगळ्यांना सारखी द्यावी लागत नाही. टेकाडावरच्या सोसायटीने अंगणात पेव्हर ब्लॉक घातले की तिचे अंगण स्वच्छ दिसते, चिखल होत नाही, मोटारी नीट उभ्या राहतात. तिच्या अंगणातून घसरलेले पाणी खालच्या वस्तीत कुणाच्या तरी चुलीत जाते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात सांताक्रूझला सव्वातीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्या दिवशी तुंबलेल्या पाण्यातून घराकडे चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी लवकर उतरावे म्हणून झाकणे उघडली जातात, आणि गढूळ पाण्यात भोक दिसत नाही. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याची मागणी न्यायालयापर्यंत गेली. २६ मे २०२५ ला पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर आला, तेव्हा वरळीतले आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरा-सोळा दिवस झाले होते. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी आत शिरले आणि फलाटापर्यंत गेले.

मुंबईबाहेरच्या वाचकांना हे सगळे दूरचे वाटत असेल, तर त्यांनी आपापल्या गावातल्या जागांची नावे आठवून पाहावीत. पुण्याची सारसबाग आज जिथे आहे तिथे पेशव्यांच्या काळात आंबिल ओढा अडवून केलेला पर्वतीचा तलाव होता. त्याच आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काठावरच्या वसाहतींत हाहाकार केला. बंगळूरचे मध्यवर्ती बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी आहे, कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या जागी. तिथले तलाव एकमेकांना 'राजकालुवे' नावाच्या कालव्यांनी जोडलेले होते, वरचा भरला की पाणी खालच्यात जाई. मधली साखळी तुटली. सप्टेंबर २०२२ मध्ये महागड्या बंगल्यांतली माणसे ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडताना साऱ्या देशाने पाहिली. चेन्नईत डिसेंबर २०१५ ला तेच.

हैदराबादची गोष्ट मात्र वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुशी नदीच्या पुराने ते शहर उद्ध्वस्त केले, हजारो माणसे वाहून गेली. निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत वाढलेले हे इंजिनीअर. त्यांनी सुरुवात कुठून केली? तर कुठे, किती वेळात, किती पाऊस पडला, याच्या नोंदी गोळा करण्यापासून. वरच्या खोऱ्यातली लहान लहान तळी एकामागून एक फुटत गेली होती, हे त्यातून दिसले. शहरात नदीच्या भिंती उंच करून भागणार नाही, पाणी शहराच्या वरच अडवायला हवे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले. पूर अडवायला बांधलेल्या या जलाशयांनी पुढे अनेक दशके हैदराबादला प्यायचे पाणी पुरवले. एकाच पाण्याला पावसाळ्यात शत्रू आणि उन्हाळ्यात देव मानण्याची गरज त्यांना पडली नाही.

घरात बसून यात काय करता येईल? 'पावसाचे पाणी जिरवा' ही घोषणा आता सर्वांना पाठ आहे. मुंबईत २००२ पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले, पुढे लहान भूखंडही त्यात आले. पण याबद्दलही भाबडेपणा नको. अंगणातला शोषखड्डा २६ जुलै अडवत नाही. समुद्राजवळच्या सखल भागात भर पावसाळ्यात दोन-चार फुटांवरच पाणी लागते. तिथे खड्डा खणला तर तो मुरवण्याऐवजी स्वतःच भरतो. काळ्या चिकणमातीतही मुरण्याचा वेग अगदी मंद असतो. तिथे गच्चीचे पाणी टाकीत घेणे बरे. हजार चौरस मीटरच्या भूखंडावरचे दहा हजार लिटर पाणी जरी पहिल्या तासात टाकीत अडले, तरी २५ मिलिमीटरच्या सरीतले चाळीस टक्के पाणी गटारात जायचे थांबले. हिशेबात हरवलेल्या अर्ध्यातला मोठा हिस्सा तो हाच. शिवाय ते पाणी मोटारी धुवायला, संडासाला आणि झाडांना कामी येते, टँकरचा एक फोन वाचतो.

आणि सोसायटीच्या सभेत अंगणाला कोबा करायचा ठराव आला, तर कडेची झाडांची पट्टी आणि मागचा मातीचा तुकडा सोडून करा, एवढे तरी कुणी उठून म्हणायला हवे. घराचा विमा उतरवताना पुराचे नुकसान त्यात धरले आहे की नाही, हे वाचून पाहावे. तळमजल्यावरच्या छोट्या दुकानदारांनी तर नक्कीच. २०११ च्या त्या अभ्यासात विम्याचाही विचार होता. सर्वांना विमा असेल तर पुरानंतर बुडणारा रोजगार आणि धंदा यांचे नुकसान जवळपास निम्म्यावर येईल, असा त्यांचा अंदाज होता. घरे मोडतात ती एका दिवसात, धंदे मोडतात ते पुढच्या सहा महिन्यांत, हे २००५ नंतर कुर्ला-कलिन्याच्या बाजारपेठांनी पाहिले आहे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. दिवस, वेळ, लाटेची उंची. वर्तमानपत्रांत ती चौकटीत छापून येते. जाणत्या घरांतली बाई ती कात्रीने कापते आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवते. बारसे, वास्तुशांत, गावी जाणे यांच्या तारखा ठरवताना आधी त्या चौकटीकडे पाहायचे. भरती दुपारी एकची असेल आणि सकाळपासून पाऊस लागला असेल, तर मुलांना शाळेत पाठवायचे की नाही, हे नऊच्या आत ठरवायचे. मग फ्रिजखाली आणखी एक वीट.